एजबॅस्टनच्या बंगल्यांतल्या कचेऱ्या

एजबॅस्टन म्हटले की आपल्याला आठवते ते क्रिकेटचे मैदान. जुलै २०२५ मध्ये भारताने तिथे पहिल्यांदा कसोटी जिंकली, तेव्हा शुभमन गिलच्या २६९ आणि १६१ धावांची चर्चा घरोघरी झाली. हे मैदान १८८६ साली सुरू झाले ते कॅलथॉर्प घराण्याने भाडेपट्ट्याने दिलेल्या कुरणावर. आजूबाजूचे बर्मिंगहॅमचे ऐटदार उपनगर वसवले तेही याच घराण्याने.

त्या काळचे बर्मिंगहॅम म्हणजे भट्ट्या, धूर आणि लोखंडाचा खणखणाट. शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या एजबॅस्टनमध्ये मात्र वारा बहुतेक वेळा बाहेरून शहराकडे वाहतो, त्यामुळे धूर तिकडे फारसा फिरकत नसे. कॅलथॉर्पनी जमीन विकली नाही, बहुधा ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. कारखाना चालणार नाही, अशी अट घातली. दिवसा शहरात कारखाना चालवणारे मालक संध्याकाळी इथल्या बागांत परतू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बंगले पांढऱ्या गिलाव्याचे आणि साध्या रेषांचे होते. मग विटेचा जमाना आला. जॉन हेन्री चेंबरलेन या वास्तुविशारदाने १८५५ मध्ये ॲम्प्टन रोडवर बांधलेल्या घरात रंगीबेरंगी विटा आणि टोकदार गॉथिक वळणे उघड मिरवली आहेत.

बाहेरचे रूप बदलले तरी आतली मांडणी तीच राहिली. समोर प्रशस्त हॉल आणि जिना, दोन्ही बाजूंना दिवाणखाना व जेवणघर, मागे स्वयंपाकघर, खाली कोळशाचे तळघर, वर निजायच्या खोल्या आणि माळ्यावर नोकरांच्या खोल्या. नोकरांचा जिना वेगळा, म्हणजे पाहुण्यांची आणि त्यांची गाठ पडू नये. प्रत्येक खोलीला स्वतःचे दार, स्वतःची शेकोटी आणि ठरलेले काम.

पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसे मिळेनाशी झाली आणि एवढा पसारा सांभाळणे मालकांना जड जाऊ लागले. त्यातच जुन्या पट्ट्यांची मुदत संपत आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद जॉन मॅडिन यांनी कॅलथॉर्प इस्टेटसाठी पुनर्विकासाचा आराखडा केला आणि फाइव्ह वेज चौकालगतचा भाग कचेऱ्यांसाठी खुला झाला. काही बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. उरलेल्यांत वकील, हिशेबनीस आणि सर्व्हेअर यांनी बस्तान बसवले.

बंगल्याची कचेरी होणे सोपे ठरले ते मांडणीमुळेच. दिवाणखान्यात बैठकीचे मोठे टेबल मावते, हॉलमध्ये स्वागतकक्ष होतो, निजायच्या खोलीत भागीदाराची केबिन आणि तळघरात जुन्या फायली. कुठे कुठे बंद शेकोटीच्या धुराड्यातूनच केबल वर नेल्या जातात. समोरच्या बागेची मात्र बहुतेक ठिकाणी पार्किंगसाठी आहुती पडते.

अडचणीही कमी नाहीत. ब्रिटनमध्ये घराची जमीन चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार गृहीत धरून बांधतात, कचेरीला सुमारे २५० किलो धरावे लागतात. म्हणून भरलेली कपाटे खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवणे शहाणपणाचे. लाकडी जिना आगीत धुराड्यासारखा धूर आणि ज्वाळा वर खेचतो, त्यामुळे त्यावर उघडणाऱ्या दारांना आग रोखून धरता आली पाहिजे. जुनी नक्षीदार दारे फेकण्याऐवजी त्यांना उष्णतेने फुगणारा रंग देता येतो.

खिडक्यांचेही तसेच. वर-खाली सरकणाऱ्या तावदानाच्या दोन्ही बाजूंना चौकटीच्या पोकळीत बिडाची वजने दोरीने टांगलेली असतात, म्हणून जड तावदान एका हाताने उचलता येते. पण रंगावर रंग चढत गेले की खिडकी कायमची चिकटते आणि मग एसीची मागणी सुरू होते. रंगाचा थर कापून दोरी बदलली तर तीच खिडकी पुन्हा हलते.

इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या व्यापारी जागांना १ एप्रिल २०२३ पासून ऊर्जा-कार्यक्षमतेची किमान ‘ई’ श्रेणी लागते. वारसा-यादीतल्या इमारतींना काही सवलत मिळू शकते, पण त्यांत बदल करायला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. अशा वेळी मूळ खिडकीच्या आत दुसरी काच बसवणे, छताची नक्षी न तोडता दिवे टांगणे आणि उद्या काढून टाकता येतील अशाच भिंती घालणे हाच शहाणा मार्ग. कारण एका भाडेकरूची गरज दहा-पंधरा वर्षांची असते. बंगल्याचे आयुष्य त्याहून कितीतरी मोठे आहे, आणि पुढचा रहिवासी कदाचित तिथे पुन्हा घरच थाटेल.