खाचेत बसणारे कडे

बैलगाडीच्या आखाला खीळ नसली तर चाक निसटायचेच, हे काही कुणाला सांगायला नको. मोटारसायकल, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप यांच्या पोटातही असे कितीतरी दांडे फिरत असतात. त्यांवरची बेअरिंगे जागच्या जागी धरण्याचे काम पुष्कळदा एक लहानसे कडे करते. मेकॅनिक मंडळी त्याला सर्क्लिप म्हणतात. तान्ह्या मुलाच्या पायातल्या वाळ्यासारखे ते एका बाजूला उघडे असते. ते फाकवून दांड्यावरून सरकवायचे आणि दांड्यावर कापलेल्या गोल खाचेशी आले की सोडायचे.

वाळा चांदीचा, फाकवला की फाकलेलाच राहतो. सर्क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची, म्हणून ती पुन्हा मिटते. मात्र तिच्याही सोसण्याला मर्यादा आहे. 20 मिलिमीटर व्यासाचा दांडा घ्या. प्रचलित जर्मन मापांप्रमाणे खाचेच्या तळाशी तो 19 मिलिमीटर असतो आणि मोकळ्या कड्याचे आतले माप 18.5. म्हणजे जागेवर बसल्यावरही कडे अर्धा मिलिमीटर ताणलेले राहते. त्या ताणानेच ते खाच धरून ठेवते. बसवताना ते 20 च्या किंचित वर ताणावे लागते. त्याहून फार फाकवले, तर पुरते मिटत नाही आणि खाचेत सैल फिरू लागते.

गॅरेजमध्ये हे काम टोकदार पक्कडीने होते. हात तयार असला तर उत्तमच होते. पण कारखान्यात दिवसभर तेच करायचे, तर संध्याकाळी थकलेला हात किती फाकवील याचा नेम नाही. म्हणून असे यंत्र योजणारा माणूस आधी पक्कड विसरतो! तो दांड्याच्या टोकावर एक गुळगुळीत, निमुळता शंकू टेकवतो. शंकूचा रुंद भाग दांड्याहून केसभर मोठा. मागून दट्ट्या ढकलतो, कडे शंकूवर चढता चढता आपोआप फाकते, आणि हवे तेवढेच फाकते. गाजराच्या टोकाकडून रबराचे कडे वर सरकवून पाहा, वर्गात दाखवता येईल. भोकाच्या आत बसणाऱ्या कड्यासाठी हेच उलटे: नरसाळ्यासारख्या नळीतून ते दबत दबत आत जाते.

कडी पुरवणे हेही नाजूक काम. ढिगात टाकली तर उघड्या तोंडांमुळे ती एकमेकांत अडकतात. म्हणून ती एका सळीवर रचून ठेवतात आणि एका कड्याच्या जाडीहून पातळ अशी सरकती पट्टी खालचे एकच कडे काढून घेते. तेलाने दोन चिकटली, तर दुसरे मागे राहते.

पण खरी मेख पुढेच आहे. कडे ढकलले म्हणजे बसले असे नव्हे. एक बाजू खाचेत आणि दुसरी दांड्यावर, असेही होते, आणि वरवर पाहणाऱ्याला ते बसलेलेच दिसते. पुष्कळ इंजिनांत पिस्टनमधली पिन दोन्ही टोकांना अशाच कड्यांनी अडवलेली असते. त्यातले एक चालत्या गाडीत सुटले, की पिन बाहेर सरकून सिलिंडरची भिंत ओरबाडते. तेव्हा यंत्राला डोळा हवा.

एक उपाय दट्ट्यावरचा जोर मोजण्याचा. शंकूवर जोर वाढत जातो, दांड्यावर साधारण एकसारखा राहतो, खाच येताच एकदम उतरतो. तो उतार दिसला नाही, तर काहीतरी बिनसले. दुसरा उपाय कड्याच्या तोंडातली फट कॅमेऱ्याने मोजण्याचा. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. दांड्यावर व्यास 20, खाचेत 19. फरक एकच मिलिमीटर. पण परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा अधिक, म्हणून फटीत फरक पडतो सुमारे 3 मिलिमीटरचा. एवढा कॅमेऱ्याला सहज दिसतो. फट मोठी दिसली, की यंत्र तो नग पुढे सोडत नाही. कामगार ते कडे काढतो, भंगारात टाकतो आणि नवे घेतो, कारण ताणून काढलेले कडे पुन्हा पुरते मिटेल याची खात्री नसते.