वापसा आल्यावर

मोठा पाऊस झाला की कुर्डुवाडीच्या भोवतालची काळी जमीन दोन-तीन दिवस कोणालाच आत येऊ देत नाही. ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. ती ओली असताना शिवरस्त्याने सायकल नेली, तर टायरवर बसलेला थर प्रत्येक फेऱ्यागणिक जाड होत जातो, चिमटा आणि टायर यांमधील फट बुजते आणि चाक जागीच अडकते. जाड टायरची, अनेक गिअरची, डोंगरवाटांसाठी बनविलेली सायकलही येथे हात टेकते. शेतकरी अशा वेळी वापशाची वाट पाहतो. मातीत ओल आहे, पण ढेकूळ बोटांना न चिकटता फुटते, ती अवस्था म्हणजे वापसा. सायकलस्वारानेही हाच संकेत पाळावा. ओल्या पांदणीत पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, आणि त्यांचा त्रास पुढे बैलगाडीला होतो.

घाई असेल तर मुरमाची वाट धरावी, कारण तेथे पाणी लवकर निचरते. चिखलाचा पट्टा टाळता येत नसेल, तर टायरमधील हवा थोडी कमी करावी. टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि भार विभागला जातो. भार विभागण्याची ही युक्ती कुर्डुवाडीला नवी नाही. १८९७ मध्ये येथून बार्शीकडे धावू लागलेल्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंदमापी रेल्वेसाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने प्रत्येक आसावरचा भार ५ टनांवर मर्यादित ठेवला होता, म्हणून यार्डाला अवघ्या ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. हवा फार उतरविणेही बरे नव्हे. खड्ड्यात रिमचा मार बसून ट्यूब चिमटते, आणि बाभळीचे काटे तर या भागात पावलोपावली आहेत. चिखलात हलका गिअर, बैठकीवर स्थिर वजन आणि अखंड, संथ पायडल एवढे पुरे. वळणावर पुढचा ब्रेक दाबू नये.

व्यापारी कुटुंबांत मात्र सायकलला चिखलापेक्षा खंड अधिक अडवतो. पावसाळ्यात ती भिंतीला टेकते, सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबरचा पाऊस सहसा सर्वांत मोठा असतो, त्यानंतर लगेच दिवाळीची खरेदी येते, आणि दुकान सावरेपर्यंत चार महिने निघून जातात. मग एका रविवारी जुन्या वेगाने जुने अंतर कापण्याचा हट्ट होतो. तो अंगाशी येतो.

एडवर्ड कॉईल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कसून सराव करणाऱ्यांनी व्यायाम थांबविल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी आणि बारा आठवड्यांत १६ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे मात्र टिकून होते. कमावलेले सारे बुडत नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. अडचण वेगळीच आहे. दम काही आठवड्यांत परत येऊ लागतो, पण स्नायुबंध आणि सांधे मागे रेंगाळतात. छातीला जमते आणि गुडघा दुखतो, तो याच विसंगतीमुळे.

पुनरारंभी पूर्वीच्या अंतराचा निम्मा भाग, तोही सपाट वाटेवर, आठवड्यातून तीनदा पुरे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे दोन-तीन आठवड्यांनी गाठली तरी चालतील. चिखलाची वाट त्यानंतर. तेथे तेवढ्याच अंतराला कितीतरी अधिक बळ लागते, म्हणून ती किलोमीटरने मोजू नये, वेळेने मोजावी. गादीवर बसून पन्नाशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे. साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. छातीत दडपण जाणवले तर तेथेच उतरावे. घरी पोहोचण्याचा अट्टहास करू नये.

परतल्यावर सायकलवर जोराच्या पाण्याचा फवारा मारण्याची सवय अनेकांना असते. ते पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि वंगण धुऊन नेते. काळी माती वाळू द्यावी, हाताने ठोकली की तिचे पोपडे निघतात. मग ओल्या फडक्याने पुसून साखळीला तेलाचे चार थेंब द्यावेत.