जयबाण तोफेचा एकच बार आणि गोळ्याचे गणित

जयपूर : आमेरजवळच्या जयगड किल्ल्यावरील ‘जयबाण’ तोफ जयपूर शहराहून वयाने मोठी आहे. सवाई जयसिंह यांच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, किल्ल्यातीलच कारखान्यात ती ओतण्यात आली. शहराची पायाभरणी १७२७ ची. तोफेची लांबी सहा मीटरहून अधिक, वजन सुमारे ५० टन. युद्धात ती कधीच डागली गेली नाही. चाचणीच्या एकमेव बाराला १०० किलो दारू लागली, ५० किलोंचा गोळा ३५ किलोमीटरवर चाकसूजवळ पडला आणि तेथे तळे झाले, अशी कथा पर्यटकांना सांगितली जाते.

हे आकडे तपासून पाहण्यासारखे आहेत. तोफेच्या नळीचा आतील व्यास सुमारे २८ सेंटिमीटर. त्यात नीट बसणारा भरीव लोखंडी गोळा ७० किलोंच्या पुढे जातो. दगडी गोळा जेमतेम ३० किलोंच्या आसपास भरतो. ५० किलोंचा लोखंडी गोळा घेतला, तर त्याचा व्यास २४ सेंटिमीटरच होतो. मग सभोवती राहिलेल्या फटीतून दारूचा जोर वाया जातो. गोळा पोकळ असेल तरच हे वजन जुळते.

दारूचेही तसेच. १०० किलो काळी दारू या नळीत सुमारे पावणेदोन मीटर जागा व्यापते. गोळ्याच्या दुप्पट वजनाची दारू ठासणे, हे त्या काळच्या तोफखान्यात नेहमीचे प्रमाण नव्हते. साधारणतः गोळ्याच्या निम्म्याहून कमी दारू पुरे होई. हवेचा अडथळा नसता तरी ३५ किलोमीटरसाठी सेकंदाला सुमारे ५८५ मीटर वेग लागला असता. प्रत्यक्षात हवा असतेच, आणि जड गोल गोळ्याची धाव काही किलोमीटरांतच संपते. तळ्याची कथा त्यामुळे टिकत नाही.

दुसरा बार भरणे हे तर वेगळेच दिव्य. ही तोफ तोंडाकडून भरायची. आत धुमसणारी ठिणगी राहिली, तर नवी दारू ठासणाऱ्याच्याच अंगावर पेटे. म्हणून आधी ओल्या बोळ्याने नळी पुसून काढावी लागे. त्यासाठी नळीहून लांब गज हवा, आणि तो चालवणारी माणसे तोफेच्या तोंडासमोर उभी.

ज्या कारखान्यात तोफांच्या नळ्या कोरल्या जात, तेथील बैलांच्या बळावर फिरणारे यंत्र किल्ल्यात आजही पाहता येते. जयबाणपुढे छायाचित्रांसाठी गर्दी करणाऱ्यांनी तिकडेही वळावे.