शेळीची कास, मेंढीची कास

कास बाहेरून पाहिली तर शेळी आणि मेंढीत फारसा फरक सापडत नाही. दोघींच्याही कासेचे दोनच भाग, सडही दोनच. खरा फरक आहे तो आतल्या ऊतींत. तो उमगायला विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला, आणि त्या काळात प्रयोगशाळेत मान मिळाला तो शेळीला. गरीब स्वभाव, मोठे सड, भरपूर दूध. संशोधकाला आणखी काय हवं?

१९४९मध्ये लंडनच्या के. सी. रिचर्डसन यांनी शेळीच्या कासेतल्या ऊतींवर चांदीच्या क्षारांची प्रक्रिया केली. दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी त्यांना स्पष्ट दिसली. पान्हा फुटतो तो या पेशी आवळल्या जातात म्हणून. पुढे केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत लिन्झेल यांनी धाडसच केलं. शेळीची दूधग्रंथी तिच्याच मानेत बसवून तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडली. जुने मज्जातंतू तुटले होते, तरी ग्रंथी दूध देत राहिली. दूध तयार व्हायला मज्जातंतूंची जोडणी लागतेच असं नाही, हे यातून पक्कं झालं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग १९७०चा. वुडिंग, पीकर आणि लिन्झेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दूध तपासलं. पेशीतून बाहेर पडणारे काही स्निग्धकण पेशीद्रव्याचा लचका सोबत घेऊन येत होते. शेळीच्या दुधात अशा केंद्रकहीन तुकड्यांची रेलचेल असते. मेंढीच्या दुधात ते असतात, पण बरेच कमी. कासदाह ओळखण्यासाठी दुधातल्या पेशी मोजतात. मात्र नुसत्या आकारावरून मोजणारं यंत्र हे तुकडेही पेशी म्हणून मोजतं, आणि निरोगी शेळी आजारी ठरते. म्हणून शेळीच्या दुधासाठी डीएनएला रंगवणारी पद्धत हवी. अमेरिकेत गायीच्या दुधाला मिलिलिटरमागे ७,५०,००० पेशींची मर्यादा आहे, शेळीच्या दुधाला १५,००,०००. निरोगी शेळीच्या दुधातही पेशी मुळातच जास्त असतात, हे त्यामागचं कारण.

मेंढीकडे लक्ष वळलं ते मुख्यतः दूध काढणाऱ्या यंत्रामुळे. शेळीचं बहुतेक दूध कासेच्या खालच्या पोकळीत साठतं. मेंढीत हे प्रमाण जातीनुसार बदलतं. पान्हा नीट फुटला नाही तर बरंच दूध वरच्या ऊतींतच अडकून राहतं. त्यात काही दुधाळ मेंढ्यांचे सड कासेच्या बाजूला, वरच्या अंगाला असतात. मग सडाच्या पातळीखालचं दूध यंत्राने निघत नाही. त्यासाठी इस्रायलमध्ये कास उचलून धरणारा आकडा निघाला. दुधामागे लागून जात सुधारायची आणि मग कासेला आकडा लावायचा, यातली गंमत सांगायला नकोच.

मेंढीच्या कासेला जगभर नाव मिळालं, पण ते दुधासाठी नव्हे. १९९६मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मलेली क्लोन मेंढी डॉली सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट मेंढीच्या दूधग्रंथीतल्या पेशीपासून घडली. पेशी देणारी ती मेंढी गाभण होती, शेवटच्या टप्प्यात. म्हणजे कासेतल्या ऊतींची झपाट्याने वाढ होण्याचा काळ. संवर्धनात बहुतेक पेशी दूधग्रंथीच्या अस्तराच्या होत्या, तरी थोड्या मूळपेशी त्यात मिसळल्या असण्याची शक्यता संशोधकांनी स्वतःच नाकारली नव्हती.