फोटो सौजन्य : इंटरनेट... पण मालक कोण?

तीन सेकंदांत काय होतं? एखादी शिंक येते. फार तर दोन. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत तीन सेकंदांची किंमत निघाली चक्क दहा कोटी रुपये!

झालं असं, की दक्षिणेची आघाडीची तारका नयनतारा हिच्या आयुष्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर येणार होता. त्याच्या ट्रेलरमध्ये २०१५ च्या 'नानुम राऊडी धान' या तमिळ चित्रपटाच्या सेटवरचं, पडद्यामागचं जेमतेम तीन सेकंदांचं चित्रण झळकलं. चित्रपटाचा दिग्दर्शक विघ्नेश शिवन, जो पुढे तिचा नवरा झाला. निर्माता मात्र धनुष. त्याच्या वतीने नोटीस निघाली आणि भरपाईचा आकडा होता दहा कोटी. नयनतारा गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. १६ नोव्हेंबरला तिने भलंमोठं जाहीर पत्र लिहून धनुषला चारचौघांत धारेवर धरलं. हे चित्रण आमच्याच मोबाइलवर टिपलेलं आहे, असं तिचं म्हणणं. सेटवर जे टिपलं जातं ते सगळं निर्मात्याच्या मालकीचं, असा धनुषच्या बाजूचा दावा. प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं. हा दावा दारातूनच परत पाठवा, हा नेटफ्लिक्सच्या बाजूचा अर्ज कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर केला.

मोठ्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं? असं मीही म्हटलं असतं. पण आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अशीच एक नोटीस येऊन पडली.

तिथे राहणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर नातवाने त्यांना इंटरनेटवर लिहायला शिकवलं आणि बाई जुन्या चित्रपटांवर झकास लेख लिहू लागल्या. वाचणारे नागपूरचे, बडोद्याचे, इंदूरचे, थेट न्यू जर्सीचेही. 'शोले'मधल्या कंदिलांच्या प्रसंगावर त्यांनी एक सुरेख लेख लिहिला. आठवतो ना प्रसंग? रात्री हवेलीच्या सज्जात जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते आणि समोर पायरीवर बसलेला अमिताभ माउथ ऑर्गन वाजवत असतो. एक शब्द नाही, पण सगळी गोष्ट त्या उजेड-अंधारात आहे, असा बाईंचा मुद्दा. लेखात त्या प्रसंगाची दोन चित्रं पडद्यावरून उचललेली, म्हणजे ज्याला आपण स्क्रीनशॉट म्हणतो ती. आणि लेखाच्या डोक्यावर जया-अमिताभचा एक जुना देखणा फोटो, गुगलवर सापडलेला. खाली रीतसर ओळ : 'फोटो सौजन्य : इंटरनेट'.

महिन्याभरात ई-मेल आला. छायाचित्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीने. फोटो विनापरवाना वापरल्याबद्दल इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात या! बाईंची झोप उडाली. त्यांनी सगळेच्या सगळे लेख काढून टाकले आणि लिहिणंच बंद केलं. "आयुष्यात कुणाची खडूची कांडी घरी आणली नाही हो, आणि या वयात चोर ठरले," असं त्या जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, तेव्हा मला राहवलं नाही. कायद्याचं पुस्तक आणि एक वकील मित्र, दोघांना गाठलं.

पहिलीच गंमत म्हणजे, बाईंना ज्या स्क्रीनशॉटची भीती वाटत होती त्याबद्दल ई-मेलमध्ये अवाक्षर नव्हतं! भांडण होतं ते डोक्यावरच्या फोटोचं.

चौकट वेगळी, फोटो वेगळा

चित्रपटातली चौकट आणि चित्रपटाचा फोटो या दोन निराळ्या वस्तू आहेत. सेटवर स्टिल फोटोग्राफर नावाचा माणूस असतो. तो स्वतःच्या कॅमेऱ्याने कलाकारांचे फोटो काढतो. पूर्वी निर्मात्याचे पीआरओ अशा फोटोंचे संच पाकिटात घालून मासिकांच्या कचेऱ्यांत पोहोचवायचे. छापा म्हणून गळ घालायचे! त्यामुळे सिनेमाचा फोटो म्हणजे फुकटचा माल, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजला. पण असा प्रत्येक फोटो ही कायद्याच्या लेखी स्वतंत्र कलाकृती आहे. पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, तो काढून घेणाऱ्याचा. नाहीतर फोटोग्राफरचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर फोटोचं आयुष्यही वाढलं. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्यावर हक्क राहतो.

आता पडद्यावरची चौकट. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटात २ लाख ५९ हजार २०० चौकटी. त्यातली एक उचलली तर कुणाचं काय जातं? कायदा म्हणतो, जातं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रपटाच्या मालकाचे हक्क सांगताना, त्यातल्या कुठल्याही दृश्याचा फोटो काढण्याचा हक्कही त्यालाच देतो. इंग्लंडमध्ये १९८१ साली 'स्टार्स्की अँड हच' या पोलिसी मालिकेतल्या एका, फक्त एका चौकटीवरून निर्माते कोर्टात गेले आणि छापणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध जिंकले.

मग बाई दोषी? थांबा. याच कायद्यात कलम ५२ आहे. खासगी अभ्यास, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी केलेला 'रास्त वापर' म्हणजे हक्कभंग नव्हे, असं ते सांगतं. आणि इथे एक जुनी फट होती, जिची फारशी चर्चा झाली नाही. २०१२ पर्यंत या कलमात साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृती एवढ्यांचीच नावं होती. चित्रपटाचं नाव नव्हतं! कवितेवर टीका करताना चार ओळी उद्धृत करता येत, पण चित्रपटावर लिहिताना चौकट छापायला कायद्याचा उघड आधार नव्हता. २०१२ साली 'कुठलीही कृती' असे शब्द आले, फक्त संगणकाचे प्रोग्राम वगळून, आणि चित्रपट समीक्षकाला प्रथमच पायाखाली जमीन मिळाली.

तेव्हा बाईंच्या कंदिलांच्या दोन चौकटींना माझ्या मते हे कलम भक्कम आधार देतं. त्या चौकटींशिवाय लेखच लंगडा पडतो. वाचकाला उजेड-अंधार दाखवायचा तर तो दाखवावाच लागतो. याउलट 'सणासुदीच्या दहा साड्या' अशा लेखात कुठल्यातरी चित्रपटातली नायिका चिकटवली, तर ती समीक्षा नव्हे, सजावट झाली. तिथे कलम ५२ मदतीला येईल अशी आशा धरू नये. डोक्यावरचा तो देखणा फोटोही सजावटच होता. बाईंना हे पटायला दोन कप चहा लागला, पण पटलं.

किती घेतलं म्हणजे रास्त? याचं गणित कायद्यात नाही. केरळमध्ये तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं. मूळ नाटकातली पात्रं, संवाद, प्रसंग भरपूर घेतले, पण मूळ नाटकाच्याच विचारांची उलटतपासणी करण्यासाठी. केरळ हायकोर्टाने १९९६ मध्ये ते चालवून घेतलं. कोर्टाने पाहिलं ते असं, की टीकेच्या मानाने किती उचललं, कशासाठी उचललं आणि त्यामुळे मूळ कृतीचा ग्राहक पळतो का? 'शोले'च्या दोन चौकटी पाहून कुणी 'शोले' बघायचा राहील का हो? उलट चार जण पुन्हा लावून बसतील! दिल्ली हायकोर्टाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्सच्या खटल्यात आणखी एक पायरी सांगितली. गायिकेने मुलाखतीच्या कार्यक्रमात गाण्यांच्या चार ओळी गुणगुणल्या, तर असल्या क्षुल्लक गोष्टींत कायदा लक्ष घालत नाही.

अमेरिकेचा ताईत

आपल्याकडचे बरेच जण लेखाखाली किंवा व्हिडिओखाली इंग्रजीत एक मंत्र चिकटवतात : '१९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७ नुसार...' हा अमेरिकेचा कायदा! ठाण्यात बसून ठाण्याच्याच निर्मात्याचं चित्र वापरताना अमेरिकेचा ताईत बांधून काय उपयोग? तिथला 'फेअर यूज' मोकळाढाकळा आहे. चार कसोट्या लावून कोर्ट ठरवतं. तिथल्या चित्रपट अभ्यासकांच्या संघटनेने क्रिस्टिन थॉम्पसन यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये एक अहवालच काढला, की अभ्यासासाठी चौकट छापायला परवानगी मागत बसू नका, तो तुमचा हक्क आहे. आपली यादी बंदिस्त आहे. तीत बसलात तर वाचलात.

आणि 'सौजन्य'? इंटरनेट नावाच्या सद्गृहस्थाने कुणाला कसलंही सौजन्य दाखवलेलं नाही. नाव देणं ही सभ्यता आहे, ती पाळावीच. पण नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

अलीकडे आणखी एक अडचण झाली आहे. ओटीटीवर स्क्रीनशॉट घ्यायला जावं तर बऱ्याचदा हाती येतो काळा पडदा! ते कुलूप मुद्दाम लावलेलं असतं. हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप तोडणं हाही २०१२ पासून गुन्हा आहे. साध्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड असं कायदा म्हणतो. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. भीती वाटावी असेच आकडे आहेत, आणि नोटिसा पाठवणाऱ्यांना ते पाठ असतात.

पण त्याच पुस्तकातलं कलम ६० ते सांगत नाहीत. कुणी बिनबुडाची कोर्टाची धमकी देत असेल तर धमकावलेला माणूस स्वतःच कोर्टात जाऊन, मी हक्कभंग केलेला नाही असं ठरवून घेऊ शकतो. धमक्या थांबवायचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. मात्र समोरच्याने खरोखरच दावा लावून तो नेटाने चालवला, तर हे कलम लागू होत नाही.

बाईंनी तो फोटो कायमचा काढला. फोटो उतरवला आहे, त्याची मालकी तुमच्याकडे असल्याचा कागद पाठवा, म्हणजे पुढचं बोलू, असं चार ओळींचं उत्तर सभ्य मराठीत लिहिलं. मी त्याचं इंग्रजी करून दिलं. लेख पुन्हा चढला. वर फोटोऐवजी नातवाने काढलेलं कंदिलाचं रेखाचित्र, आत त्या दोन चौकटी, त्यांखाली चित्रपट, साल, दिग्दर्शक आणि निर्मात्याचं नाव.

आता बाईंना हिशेबाचा नाद लागला आहे. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९५३ चा 'श्यामची आई' २०१३ अखेरीस मोकळा झाला. पण अत्रे गेले १९६९ साली, म्हणून त्यांनी लिहिलेल्या गीतांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत, हे त्यांनीच मला समजावलं. परवा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "'शोले' १९७५ चा. म्हणजे २०३६ च्या एक जानेवारीला सगळाच्या सगळा आपला! तेव्हा मी नव्वदीच्या घरात असेन. तोवर दोन-दोन चौकटींवर भागवते."