चितारी आणि १२० पाने

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही चितारी गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवतात. दशावतारी संचात १२० गोल पाने: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा आणि प्रधानावर पर्यटकांची नजर खिळते, पण कस लागतो तो एक्का ते दश्शीला. मत्स्याचे मासे, परशुरामाच्या कुऱ्हाडी. एका अवताराची ५५ चिन्हे, म्हणजे संचभर ५५०, आणि तीही नखाएवढी! पूर्वी कागद-कापडाला चिंचोक्याची खळ लावून, घोटून पाने घडवत. कला विझत आली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि तरुणांना कामाला बसवले. खेळणारे आता विरळाच; संच जातात बहुधा भेटीसाठी किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर.