अर्ध्या मिनिटाची धार

पहाटेचे साडेपाच. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचं फ्रीसलँड. आपल्याकडे ज्या गाईला सगळे ‘एचएफ’ म्हणतात, त्यातला ‘एफ’ इथला. गोठ्यात ६० गाई, दावं एकीलाही नाही आणि धारेला माणूसही नाही. गोठ्याचा मालक गमबूट घालून माझ्याशेजारी कॉफी पीत उभा आहे. माणसाशिवाय धार काढणारं यंत्र १९९२ साली पहिल्यांदा याच देशात गोठ्यात आलं.

४१२ नंबरची गाय आपणहून पिंजऱ्यात शिरते. गळ्यातला पट्टा तिची ओळख सांगतो, तशा पुढ्यात आंबोणाच्या गोळ्या खळखळ पडतात. खालून लोखंडी हात सरकतो, दोन गोल ब्रश सड चोळू लागतात. आई धारेला बसताना कोमट पाण्याचा हबका मारून कास कुरवाळायची, तेच हे. पान्हा उतरायला मिनिटभर लागतं. या मिनिटात मालक काटकसर करत नाही. घाई केली तर सड कोरडेच ओढले जातात, म्हणतो.

मग लाल किरण सड शोधतो. तीन कप पटापट बसतात, चौथा चुकतो. मागचे दोन सड एकमेकांना चिकटलेले. हात मागे, परत पुढे, परत चूक. मी मनात आकडे मोजतोय. तेवीस म्हणता म्हणता कप फस्सकन बसतो. मालक चुकचुकतो. गाय भरवताना तो वळूच्या लेकींचे सड आधी बघतो, दुधाचा आकडा नंतर.

हिशेब सरळ आहे. दिवसाला १६० धारा. एकेका धारेमागे अर्धं मिनिट वाचलं तर ८० मिनिटं हाती येतात, आणि ७ मिनिटांची एक धार धरली तर ११ धारा जादा.

पुढच्या सडांचे कप आधी सुटतात, मागचे अजून ओढताहेत. धार बारीक झाली की कप सुटतो. किती बारीक, ते मालकाने ठरवलेलं. हल्ली तो कप जरा लवकर सोडवतो. मला हे बघवत नाही. कास निपटून काढली नाही तर आई ओरडायची, शेवटची धारच सायीची म्हणून. इथे दिवसातून दोन-तीनदा धार होते, राहिलेलं दूध पुढच्या खेपेला येतं. पटतं, तरी हात शिवशिवतात.

आता ३७७. दोन तासांपूर्वीच येऊन गेलीय. चटावलेली. गोळ्या पडत नाहीत, पुढचं फाटक उघडतं. ती रिकामं भांडं हुंगून निघते. वेळ गेलाच.

मालक एका गाईखाली वाकून पिवळी, मंद ज्योत कासेखालून झरकन फिरवतो. करपल्या केसांचा वास सुटतो, गाय रवंथ करतेय. कासेवर केस वाढले की किरण चकतो.

फोनवर दोन नंबर लाल झालेत: १२ तासांत आलेल्या नाहीत. आम्ही त्यांना शोधायला निघतो. पहिली पाठीवर थाप पडताच उठते. दुसरी उठते, पण तीन पायांवर. मालक तिचा मागचा खूर उचलून बघतो. आत जखम आहे.